राजीनामा लिहायच्या आधीचे चार आठवडे

प्रश्न एका ताईंचा आहे. मिस्टर 36 वर्षांचे, नाशिकच्या अंबडला गाड्यांचे सुटे भाग रंगवणाऱ्या कारखान्यात 9 वर्षांपासून स्प्रे पेंटर. दीड वर्षापासून रात्रीचा खोकला, मग छातीत शिट्टी वाजायला लागली, आता जिना चढताना धाप लागते. टीबीच्या तपासण्या दोनदा झाल्या, काही निघालं नाही. शेवटी दमा निघाला आणि डॉक्टरांनी सांगितलं, हे काम सोडा. पगार साडेसतरा हजार, ओव्हरटाइम लागला तर वर तीन-चार हजार. पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटचा हप्ता 8,200. सुपरवायझर म्हणतो राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच काढून देतो. सासूबाई म्हणतात सिन्नरकडे गावी चला, हवा चांगली आहे, दिवाळीत आठ दिवस होता तेव्हा एकदाही खोकला नाही. ताईंनी विचारलंय, काम सोडायचं की नाही?

ताई, नाशिकमध्ये छातीच्या आजारांची प्रॅक्टिस करतोय त्याला 24 वर्षं झाली. त्यातली काही वर्षं आठवड्यातून दोन दिवस कारखान्यांच्या दवाखान्यातही बसायचो. उत्तर आधीच देऊन टाकतो. त्यांना त्या बूथमधून, म्हणजे रंग फवारायच्या खोलीतून, बाहेर काढायचंच आहे. पण राजीनामा आज द्यायचा नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये चार आठवडे आहेत, आणि तेवढ्या दिवसांत कागदावर काय येतं, यावर तुमचा हप्ता पुढे कोण भरणार ते ठरेल.

सासूबाईंची गोष्ट आधी घेतो, कारण निदानातला सगळ्यात मोठा पुरावा त्यांनीच दिलाय. दिवाळीत आठ दिवस खोकला नव्हता. त्यांनी त्याचं श्रेय गावच्या हवेला दिलं. मी ते बंद असलेल्या बूथला देतो. कामामुळे होणाऱ्या दम्याची हीच खूण: सुट्टीत उतार, कामावर गेलं की पुन्हा चढ. एका दिवसाची साप्ताहिक सुट्टी पुष्कळदा पुरत नाही, छाती मोकळी व्हायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून दिवाळीतच ते लक्षात आलं. आणि खोकला रात्री येतो म्हणून कुणी कामाशी जोडत नाही. श्वासात गेलेल्या पदार्थाची ॲलर्जी चार ते आठ तासांनीही उठते. दुपारी रंगाची गन चालवली, रात्री अकराला उबळ. माणूस म्हणतो घरात काहीतरी आहे, मग उशा बदलतात, मांजर हाकलतात, उदबत्ती बंद होते.

तुमचे मिस्टर कशाला दोष देतात ते न विचारताही सांगतो. थिनरला. पेंटर थिनरलाच दोष देतात, कारण वास त्याचा येतो. खरा संशयित शेजारच्या छोट्या डब्यात असतो, हार्डनरच्या. दोन डबे मिसळून मारतात त्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास जाणवेपर्यंत हवेतलं प्रमाण धोक्याच्या पुढे गेलेलं असतं. जगभर कामाच्या दम्याचं हे एक प्रमुख कारण आहे. काही महिने, कधी काही वर्षं शरीर ते निमूट सोसतं, मग एकदा ओळखायला लागतं. त्यानंतर अगदी नखभर प्रमाणसुद्धा पुरतं. म्हणून ‘मास्क लावून कर ना’ हा सल्ला इथे चालत नाही. कापडी मास्क किंवा कोविडमध्ये वापरला तो एन-95 ही वाफ अडवत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क चालतो, पण तो अजून आजारी न पडलेल्या पेंटरसाठी. शरीराने ओळखायला लागल्यावर त्याच्यावरही विसंबू नये. शिवाय हात बरबटले तर कातडीतूनही ही ॲलर्जी बसू शकते.

एक गोष्ट आजच करायला सांगा. हार्डनरच्या डब्यावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो. स्टोअरमध्ये सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या रसायनाची माहिती देणारा कागद असतो, मिळाला तर त्याचाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी पेंटरांना स्वतः रोज काय फवारतो त्याचं नाव माहीत नव्हतं. ‘पांढरा डबा, निळं झाकण’ यावर मी काय लिहिणार?

आता चार आठवडे. मेडिकलमध्ये पीक फ्लो मीटर मिळतो, फुंकर किती जोराची ते मोजणारा, प्लॅस्टिकची नळी आणि एक सरकता काटा, हजार रुपयांच्या आत येतो. उभं राहून पूर्ण श्वास घ्यायचा, जोरात फुंकायचं, तीनदा, त्यातला मोठा आकडा लिहायचा. दिवसातून किमान चार वेळा: उठल्यावर, कामावर मधल्या सुट्टीत, सुटल्यावर, झोपताना. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळ्या रंगाच्या पेनने. दोन आठवडे नेहमीचं काम, नंतर दोन आठवडे रजा. तोपर्यंत औषधाचा डोस बदलायचा नाही, नाहीतर आकडे कशामुळे हलले ते कळत नाही. कामाच्या दिवसांत आकडा खाली बसत गेला आणि रजेत वर चढला, तर तो आलेख पाहून कुठलाही छातीचा डॉक्टर संबंध लिहून देऊ शकतो. राजीनामा दिल्यावर हीच चाचणी करता येत नाही. काम सुटलं, आकडे सुधारले, आणि मागे फक्त ‘दमा’ उरला. तो तर कुणालाही होतो, असं समोरचा म्हणणार.

याला अपवाद आहे. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, पंप (इनहेलर) घेऊनही आराम पडत नसेल, ओठ काळे-निळे दिसत असतील तर नोंदवही राहू द्या आणि आधी हॉस्पिटल गाठा. अशा माणसाने एक दिवसही पुन्हा बूथमध्ये जायचं नाही. जीव मुठीत धरून पुरावा गोळा करायला मी सांगत नाहीये.

घाईचं कारणही सांगतो. लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जितके महिने त्याच हवेत राहतो, तितकी पूर्ण बरं होण्याची शक्यता घटते. काम बंद केल्यावरही पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक. बाकीच्यांचा दमा सौम्य होतो, पण राहतो. तुमचं दीड वर्ष आधीच गेलंय. टीबी शोधण्यात गेलं, त्यात तुमची चूक नाही. आपल्याकडे खोकला म्हटलं की डॉक्टरांच्या डोक्यातही आधी टीबीच येतो. पण तिशी-पस्तिशीत पहिल्यांदा दमा झालेल्या माणसाला ‘काम काय करता?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मोठेपणी सुरू होणाऱ्या दम्यात सुमारे 15 टक्के वेळा कामाचा हात असतो.

पैशाचं बोलू. औषध हा या आजारातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, हे ऐकून लोक चकित होतात. रोजचा स्टेरॉइडचा पंप आणि गरजेला दुसरा पंप, महिन्याला काही शे रुपयांत बसतो, कामगार राज्य विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, फुकट. कुटुंब बुडतं ते वेगळ्याच वाटेने, आणि हळूहळू. सगळ्यात आधी ओव्हरटाइम जातो. रात्रभर खोकलेला माणूस दुसरी पाळी ओढू शकत नाही. तुमच्या घरात हप्त्याचा निम्मा भार त्याच तीन-चार हजारांवर असणार. मग महिन्यात दोन खाडे पडले की हजेरी बोनस जातो. मग रात्री दोनला रिक्षा करून खाजगी दवाखान्यात वाफ, इंजेक्शन, सलाइन. सलाइन दम्याला काही करत नाही, पण लावलं जातं. मग मुलांची ट्यूशन, मग सोनं गहाण. नोकरी जाते ती सगळ्यात शेवटी, तोवर घर आतून पोकळ झालेलं असतं. म्हणून पगाराची स्लिप दाखवून ‘पगार तर चालूच आहे ना’ असं कुणी म्हटलं की मी आधी मागच्या वर्षीच्या आणि यंदाच्या ओव्हरटाइमचा हिशोब मागतो.

पंचवटीतल्या एका पिठाच्या गिरणीवाल्याची फाइल मी जपून ठेवलीय, त्यांच्या परवानगीने. गव्हाच्या पिठाची धूळही दमा देते, बेकरीवाले आणि गिरणीवाले त्यात सापडतात. दोन वर्षं त्यांचं नुसतं नाक गळत होतं, शिंका. ही पहिली सूचना असते, पण शिंकांसाठी गिरणी कोण बंद करतो? दमा आला तेव्हा त्यांनी गिरणीवर गडी ठेवला आणि स्वतः बाहेर गल्ल्यावर बसले. गल्ला जात्यापासून सहा फुटांवर. काही फरक पडला नाही. शेवटी गिरणी मिळेल त्या भावात विकली आणि किराणा टाकला. तीन वर्षांनी माझ्यासमोर बसून म्हणाले, ‘डॉक्टर, दम लागत नाही आता, पण दमही उरला नाही.’ छातीचा रिपोर्ट चांगला होता, घरचा वाईट. त्या दिवसापासून मी ‘काम सोडा’ एवढंच लिहून पेशंटला दाराबाहेर पाठवणं बंद केलं. परदेशातल्या अभ्यासांतही हेच दिसतं: निदान झालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक पुढे काही वर्षं बेकारच राहतात. आणि नुकसान कोण सोसतं? ब्रिटनमध्ये 2011 मध्ये हा हिशोब मांडला गेला. जवळजवळ अर्धा भार आजारी माणसावर, जवळजवळ तेवढाच सरकारवर, आणि मालकाच्या वाट्याला जेमतेम 3 टक्के. ज्याच्या हातात बूथची हवा आहे त्यालाच सगळ्यात कमी झळ, मग बूथचा पंखा दुरुस्त कशाला होईल?

म्हणून तुमच्या सुपरवायझरची घाई समजून घ्या. राजीनामा म्हणजे त्याच्या दृष्टीने विषय संपला. माणूस वाईट असेलच असं नाही, त्यालाही वरून कुणीतरी सांगितलं असेल. पण सही केल्यावर काय काय सुटतं ते बघा.

कामगार राज्य विम्याच्या 1948 च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती. तिच्या ‘ब’ भागात ‘कामाच्या प्रक्रियेत अंगभूत असलेल्या ॲलर्जीकारक पदार्थांमुळे होणारा दमा’ स्पष्ट लिहिलेला होता. नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 आली, तिच्याही तिसऱ्या अनुसूचीत अशीच यादी आहे. पगाराची मर्यादा महिना 21,000 आहे आणि तुमचे मिस्टर तिच्या आत बसतात. स्लिपवर 0.75 टक्के ईएसआय कपात दिसते का बघा.

आता फरक पैशात बघा. साधं आजारपण म्हणून ईएसआयने रजा मान्य केली तर पगाराच्या 70 टक्के, तेही वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. तोच दमा कामाचा आजार म्हणून मान्य झाला तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ 90 टक्के, काम करता येत नाही तोवर. साडेसतरा हजारांवर महिन्याला साधारण बारा हजार की पावणेसोळा हजार, असा हा हिशोब. पुढे कायमचं नुकसान राहिलं तर मेडिकल बोर्ड कमाईची ताकद किती टक्के घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे येतात. शिवाय हा लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही. एका सहीने हे सगळं दुबळं होतं.

यात एक खाच आहे. या ‘ब’ भागातल्या आजारासाठी त्या कामात सलग 6 महिने नोकरी असावी लागते, तर कायदा स्वतःहून मानतो की आजार कामामुळेच झाला. मिस्टर कंपनीच्या रोलवर आहेत की ठेकेदाराच्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकाच गनपाशी 9 वर्षं उभा असलेला माणूस कागदावर चार ठेकेदारांकडे सुटे सुटे महिने काम केलेला निघू शकतो. ठेकेदार नोकरीत मधेमधे खंड पाडतात, ब्रेक देतात, तो याचसाठी नाही, पण नडतो इथेही. सगळ्या स्लिपा, गेट पास, ईएसआय कार्ड, जे काही घरात असेल ते एका पिशवीत जमा करा. विमा क्रमांक बहुधा एकच असतो, त्यावरून धागा लागतो.

आणि मुख्य म्हणजे चिठ्ठीवरचे शब्द. सर्टिफिकेटवर ‘ब्राँकायटिस, सात दिवस विश्रांती’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा पुढे काही उपयोग नाही. ‘व्यवसायजन्य दमा, आयसोसायनेटशी संबंध, पुन्हा संपर्क टाळावा’ असं पाहिजे, सोबत स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) आणि पीक फ्लोचा आलेख. माझ्यासारख्या खाजगी डॉक्टरच्या नुसत्या कागदावर विमा मंजूर होत नाही, सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातून प्रक्रिया व्हावी लागते. तिथे वेळ जातो, दोन-चार फेऱ्या होतात. फाइल तयार नेली तर कमी होतात.

नंतर काय काम? कंपनीकडे लेखी मागा: डिस्पॅच, स्टोअर, इन्स्पेक्शन, असेंब्ली, काहीही, पण वेगळ्या शेडमध्ये. बूथच्या शेजारच्या टेबलावर पॅकिंग म्हणजे त्या गिरणीवाल्याचा गल्ला झाला. पगाराचा ग्रेड तोच राहील असं लिहून घ्यायचा प्रयत्न करा. नाही जमलं तरी थोड्या कमी पगाराचं पण टिकणारं काम मी रिकाम्या हातापेक्षा बरं मानतो. पेंटर लोक काम सुटल्यावर हमखास एक चूक करतात. मित्राच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगला लागतात, नाहीतर फर्निचरला पीयू पॉलिश मारायला. तोच हार्डनर, आणि तिथे तर बूथही नाही.

गावचं म्हणाल तर सिन्नरला आठ दिवस राहणं वेगळं आणि तिथे पोट भरणं वेगळं. पोल्ट्रीचं शेड, कडबा कुट्टी, भुसा, द्राक्षावर धुरळलेलं गंधक, यातलं काहीही चिडलेल्या छातीला भोवतं. दिंडोरी-पिंपळगावकडच्या पॅकहाउसमधल्या बायका सीझनला माझ्याकडे येतात. द्राक्षाच्या पेटीत सल्फरचा पॅड टाकतात, त्यातून सुटणारा वायू आधीच दमा असलेल्यांना सोसत नाही. त्यांचा दमा कामाने झालेला नसतो, कामाने बिघडतो. ही वेगळी जात आहे, त्यात औषध वाढवून आणि हवा खेळती करून काम चालू ठेवता येतं. तुमच्या मिस्टरांचं तसं वाटत नाही.

मिस्टर चिडचिड करतात, बोलत नाहीत, असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. ती ओळ मी दोनदा वाचली. माझा एक पेशंट, वेल्डर, दर रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारणाऱ्यांत पुढे असायचा. दमा झाल्यावर पहिल्या वर्षी म्हणाला गर्दी फार असते, दुसऱ्या वर्षी म्हणाला कपडे खराब होतात. धाप लागेल आणि चारचौघांत दिसेल, ही भीती होती. पंप तो कारखान्याच्या संडासात जाऊन घ्यायचा. कुणी बघितलं तर कामावरून काढतील, आणि धाकट्या बहिणीचं लग्न जमायचं होतं, दमेकऱ्याचं घर म्हणतील. बायकोशेजारी झोपायचं सोडलं होतं, खोकल्याने तिची झोपमोड होते म्हणून. तिला वाटायचं नवरा दुरावला. दोघं एकत्र आली तेव्हा पहिल्यांदा त्या खोलीत हे बोलणं झालं, मी फक्त ऐकत होतो. पुढच्या तपासणीला तुम्ही सोबत जा. पंपाची सवय लागते हे खरं नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. रात्रीची झोप लागायला लागली की निम्मी चिडचिड तशीच उतरते. महिनाभराने उतरली नाही तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार असतो.

बूथमधले कपडे घरी येत असतील तर ते पिशवीत बांधून आणायचे, वेगळे धुवायचे, आणि ते झटकायचं काम मुलांवर नको.

पीक फ्लो मीटर अंबड-सिडकोच्या सगळ्या मेडिकलमध्ये ठेवलेला नसतो, पण सांगितलं तर एक-दोन दिवसांत मागवून देतात. जाडसर रेघांची वही घ्या. पहिल्या पानावर तारीख, पाळी आणि त्या दिवशी किती तास गन हातात होती ते लिहायला त्यांना सांगा, आकडे तुम्ही भरा. आणि सुपरवायझरने पुन्हा कोरा कागद पुढे केला तर एवढंच सांगायचं, ‘तपासण्या चालू आहेत, रिपोर्ट आल्यावर बोलू.’